पाणी किती खोल, मासा किती खोल

(मंडळाच्या सभासदांसमोर कार्डिफ येथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यकारिणीने मला 'तुमच्या छंदाबद्दल बोला' असं सांगितलं, तेव्हा विषय ऐकून सेक्रेटरीबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मासे म्हणजे... रेसिपी सांगणार का?" तर आधीच खुलासा करतो, आज रेसिपी नाही. सुरमई, पापलेट, बांगडा यातलं काहीही नाही. समोर बसलेल्या शाकाहारी मंडळींनी निर्धास्त राहावं, कारण मी ज्या माशांबद्दल बोलणार आहे ते धरल्यावर परत पाण्यात सोडायचे असतात. आणि ज्यांच्या तोंडाला हे ऐकून पाणी सुटण्याऐवजी कोरड पडली, त्यांनीही जरा धीर धरावा. त्यांच्यासाठीही शेवटी एक मुद्दा राखून ठेवला आहे.

विषय साधा आहे. आपल्या आसपासच्या छोट्या तळ्यांत कोणत्या ऋतूत मासा किती खोलीवर असतो आणि त्याला काय खायला आवडतं. पण बोलता बोलता आपण थोडे धामापूरला जाऊ, थोडे टॅफ नदीवर जाऊ, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजोबांचं काय करायचं या आपल्या सर्वांच्या प्रश्नाकडेही येऊ.

आधी शब्द. कोकणात आम्ही गळाने मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतो. गळाला 'गरी', म्हणून 'गरवायला जाऊया'. ज्या नायलॉनच्या दोरीला इथे 'लाईन' म्हणतात तिला आपल्याकडे 'तंगूस' म्हणतात. आमिष, गरी, तंगूस, ओळंबा, एवढे चार शब्द माझ्या कार्डिफमध्ये जन्मलेल्या मुलाला येतात. 'क्रियाविशेषण' येत नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

इथल्या लोकांनी माशांची दोन घराणी केली आहेत. सामन आणि ट्राउट ही 'गेम फिश', म्हणजे खानदानी मंडळी. बाकीचे सगळे 'कोर्स फिश', म्हणजे जाडेभरडे! रोच, रड, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प आणि पाईक हे सगळे या दुसऱ्या घराण्यातले, आणि छोट्या तळ्यात तुम्हाला भेटणार ते हेच. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊ. पर्चच्या अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर काटेरी पंख. पाईक म्हणजे तळ्यातला वाघ, त्याच्या तोंडात बोट घालू नये.

आधी तळं वाचायचं

रोथ पार्कचं तळं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. निम्म्या मंडळींचे फोटो तिथल्या दीपस्तंभासमोर काढलेले आहेत. १९१० साली कॅप्टन स्कॉटचं 'टेरा नोव्हा' जहाज कार्डिफहून दक्षिण ध्रुवाकडे निघालं, त्याचं स्मारक म्हणून १९१५ साली तो दीपस्तंभ बांधला. पण तळं मुळात नैसर्गिक नाही. नांट फॉर नावाच्या ओढ्याला बांध घालून ते तयार केलं आणि १८९४ साली पार्क लोकांसाठी खुलं झालं. आपण ज्या रुंद रस्त्यावरून आईस्क्रीम खात फिरतो, तो म्हणजे धरणाची भिंत.

आता हे कळलं की तळ्याचा तळ न बघताही डोळ्यांसमोर येतो. ओढा अडवून केलेलं तळं नेहमी भिंतीजवळ खोल आणि ओढा येतो त्या टोकाला उथळ असतं. रोथ पार्कला बेटं आणि झाडी आहे ते टोक उथळ, दीपस्तंभाचं टोक खोल. पवईचं तळं घ्या, तेही १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून केलेलं. आमच्या सिंधुदुर्गातलं धामापूरचं तळं घ्या, ते तर १५३० साली गावकऱ्यांनी बांधलं असं सांगतात, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन-वारसा म्हणून मान मिळाला. तिन्हींचा नियम एकच. भिंतीकडे खोल, ओढ्याकडे उथळ.

मी ज्या तळ्यावर जातो ते याहून फार लहान आहे. एका जुन्या अँगलिंग क्लबचं, कार्डिफपासून अर्ध्या तासावर, जेमतेम दोन एकरांचं. नाव विचारू नका. गरवणारा माणूस पगार सांगेल पण जागा सांगणार नाही.

आता प्रत्यक्ष खोली मोजायची कशी? गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला वापरतो तो ओळंबा आठवा. तसाच एक छोटा ओळंबा गरीला अडकवायचा आणि पाण्यात टाकायचा. वर तरंगणारा फ्लोट पाण्याखाली गेला, तर फ्लोट आणि गरीमधलं अंतर खोलीपेक्षा कमी आहे, फ्लोट वर सरकवा. फ्लोट आडवा पडला, तर अंतर जास्त आहे, खाली सरकवा. त्याचं टोक पाण्यावर नीट उभं दिसू लागलं की खोली मिळाली. चार-पाच ठिकाणी असं मोजलं की कळतं, काठापासून तीन-चार फुटांपर्यंत पाणी दोनच फूट आहे, मग एकदम पायरी उतरावी तसं पाच फूट होतं. ही पायरी महत्त्वाची. मासे तिच्या कडेकडेने फिरतात, जसे आपण मॉलमध्ये दुकानांच्या कडेने फिरतो. नवखा माणूस मात्र जोर लावून तळ्याच्या मध्यभागी गळ फेकतो, आणि मासे त्याच्या पायाशी असतात.

चार ऋतू, चार खोल्या

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. पाणी थंड झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते. म्हणून मी एक थर्मामीटर आणि एक वही बाळगतो. आमच्या तळ्यातलं पाणी जानेवारीत ४ ते ५ अंश सेल्सिअस, एप्रिलमध्ये १० ते १२, जुलैत २० ते २२, आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा १२ च्या आसपास असतं.

हिवाळ्यापासून सुरुवात करू. शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवा, पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं. म्हणून कडक थंडीच्या, वारा नसलेल्या रात्री अगदी गार झालेलं पाणी वर राहतं, बर्फही वरच होतो, आणि तळाशी त्यातल्या त्यात ऊब असते. असं नसतं तर तळी तळापासून गोठली असती आणि एकही मासा वाचला नसता. तर डिसेंबर ते फेब्रुवारी मासे सर्वांत खोल जागी, तळाला टेकून. आमच्या तळ्यात ती जागा आठ फुटांची आहे. आमिष तळाला जेमतेम टेकेल असं लावायचं. गरी बारीक, १८ किंवा २० नंबरची. आमिष एक-दोन अळ्या किंवा ब्रेडचा वाटाण्याएवढा तुकडा. चारा भरभरून टाकायचा नाही, त्याला भूकच नाही तर पंगत कशाला? वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. टेंच या दिवसांत जवळजवळ झोपलेलाच असतो, कार्प सुस्त असतो. रोच, पर्च आणि पाईक मात्र खातात.

वसंतात, म्हणजे मार्चच्या शेवटापासून, गणित उलटतं. आता उथळ पाणी आधी तापतं. त्यातही उत्तरेचा काठ, कारण दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर पडतं. पाणी दोन ते तीन फूट, जुन्या लव्हाळ्याच्या शेजारी. आमिष गांडूळ. दोन इंचांचं लाल गांडूळ म्हणजे या दिवसांतलं पक्वान्न, लांब थंडीनंतर माशाला प्रथिनं हवी असतात. वारा बघा. आपल्याकडे कार्डिफला बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा ओला, उबदार वारा असतो. तो पृष्ठभागाचं कोमट पाणी समोरच्या काठाकडे ढकलतो, आणि पाण्याबरोबर खाणंही जातं. म्हणून वारा तोंडावर घेऊन बसावं. आरामासाठी सगळे वाऱ्याकडे पाठ करून बसतात आणि मग मासे नाहीत म्हणून तक्रार करतात. पण वारा ईशान्येचा, बोचरा असेल तर सरळ घरी बसून चहा-पोहे करावेत.

उन्हाळ्यात प्रश्न उष्णतेचा कमी आणि प्राणवायूचा जास्त. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर २० अंशाला सुमारे ९. शिवाय स्थिर, गाळाच्या तळ्यात तळाशी कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायू खातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खोल तळ ही मोकळी खोली. मासे वरच्या तीन-चार फुटांत येतात. रड तर दीड फुटावर. दुपारी कार्प अक्षरशः पृष्ठभागावर ऊन खात पडलेले असतात, त्यांना तरंगणारा ब्रेडचा कडेचा तुकडा द्यावा, गळाला एकही वजन न लावता. पहाटे आणि संध्याकाळी काठाच्या पायरीजवळ स्वीटकॉर्नचे दोन दाणे. पहाटे पाण्यातून सुईच्या टोकाएवढ्या बारीक बुडबुड्यांचा पुंजका वर आला, तर खाली टेंच चिखल उकरतो आहे असं समजावं.

इथे एक सावधगिरी. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री घेतात. शेवाळाने भरलेल्या तळ्यात म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. उकाड्याच्या रात्रीनंतर मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर गळ गुंडाळून ठेवा आणि तळ्याच्या माणसाला कळवा. आणि निळ्या-हिरव्या शेवाळाचा फलक असेल तर मुलं आणि कुत्रा दोघांनाही पाण्यापासून लांब ठेवा.

शरद ऋतू म्हणजे आपली दिवाळी. मला विचाराल तर गरवण्याचा सर्वांत उत्तम काळ. पाणी थंड होऊ लागलं की मासे हिवाळ्याची तरतूद म्हणून भरपूर खातात. सप्टेंबरमध्ये चार फूट, ऑक्टोबरमध्ये पाच-सहा, नोव्हेंबरात गळलेली पानं बुडाली की पुन्हा सगळ्यांत खोल. पट्टेवाला पर्च याच दिवसांत मोठा मिळतो. लव्हाळ्याजवळ किंवा लाकडी फळीखाली, जाडजूड गांडूळ, तळापासून सहा इंच वर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि सकाळ लवकर उजाडते. ज्यांना नरकचतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करायची सवय आहे त्यांना तळ्यावर सातला पोहोचणं काय कठीण!

आमिष, आणि घरातला फ्रीज

अळ्या इथल्या दुकानात मापाने मिळतात. त्या थंड ठेवाव्या लागतात. आमच्या घरी त्यावर एकदा गोलमेज परिषद झाली आणि गॅरेजसाठी जुना छोटा फ्रीज आला. तुमच्या घरी श्रीखंडाच्या डब्याशेजारी अळ्यांचा डबा ठेवायचं धाडस करू नका.

पण शाकाहारी आमिषांचीही कमतरता नाही, आणि इथे आपण मराठी मंडळी जन्मजात पुढे आहोत. आपली कणीक घट्ट मळून, त्यात थोडं भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घातलं की रोच आणि कार्प दोघंही खूश. आपल्याकडच्या तळ्यांवर शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, ते काही उगाच नाही. इथले गोरे गरवणारे अळ्यांना हळद लावतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. जुन्या इंग्रजी कृतींत तर हिंगसुद्धा सापडतो! आपण फोडणीला जे घालतो तेच.

काबुली चणेही चांगले. मात्र ते रात्रभर भिजवून, पूर्ण शिजवूनच. कोरडे किंवा कच्चे दाणे माशाच्या पोटात जाऊन फुगतात आणि त्याला मारतात. म्हणून पुष्कळ तळ्यांवर दाणे-शेंगदाण्यांना बंदी असते. घरून काही नेण्याआधी फलक वाचावा.

कायदा, थोडक्यात पण नीट

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकून चालत नाही. वेल्स आणि इंग्लंडमध्ये १३ वर्षांपासून पुढे प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना ते फुकट आहे, पण काढावं लागतंच. १३ च्या आतल्यांना लागत नाही. ६६ च्या पुढच्यांना वर्षाच्या लायसन्सला सवलत आहे. भारतातून आलेल्या आजोबांनी हातात काठी धरली तर त्यांनाही हवं, एका दिवसाचंही मिळतं. सरकारच्या वेबसाईटवर पाच मिनिटांत होतं. हे झालं सरकारचं. त्याशिवाय तळ्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून जाड्याभरड्या माशांना सुट्टी असते, कारण ते त्यांच्या प्रजननाचे दिवस. बहुतेक तळ्यांना ही बंदी नाही, पण प्रत्येक तळ्याचे स्वतःचे नियम असतात.

शिशाची छोटी वजनं १९८७ पासून बंद आहेत, कारण ती गिळून हंस विषबाधेने मरत होते. जुन्या सामानात सापडली तर वापरू नका. गरीला उलटा काटा नसावा, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. मासा ओल्या हातांनी धरावा, ओल्या चटईवर ठेवावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं कवच.

घरी आल्यावर जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. २०१० मध्ये आपल्याच कार्डिफ बेमध्ये 'किलर श्रिंप' नावाची परकी कोळंबी सापडली. ती इथल्या लहान जिवांचा फडशा पाडते आणि ओल्या जाळीतून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. आणि हाताला जखम असेल तर पट्टी लावा, डबा खाण्याआधी हात धुवा. मुंबईतल्या पावसाळ्यात लेप्टोचं नाव आपण ऐकलं आहे, उंदराच्या मुताने होणारा तोच आजार इथेही आहे, इथे त्याला 'वाइल्स डिसीज' म्हणतात.

बाबांचा प्रश्न

आता आजोबांकडे येतो. माझे वडील कुडाळजवळचे. आई गेल्यानंतर २०१२ साली ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तुम्ही सगळे हे ओळखता. पहिला आठवडा कौतुकाचा. दुसऱ्या आठवड्यात कॅसल बघून होतो. तिसऱ्या आठवड्यापासून माणूस खिडकीत बसतो. बाबा बोलत नव्हते. नातू नऊ वर्षांचा, त्याला मालवणी कळत नव्हती, आणि यांना त्याचं वेल्श वळणाचं इंग्रजी कळत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मी दुभाष्या.

एका शनिवारी लायसन्स काढून त्यांना तळ्यावर नेलं. त्यांनी माझ्या महागड्या कार्बन रॉडकडे पाहिलंसुद्धा नाही. तंगूस दोन बोटांत धरून बसले. मुलगा सारखा गळ वर काढून बघत होता. बाबा त्याला म्हणाले, "माशाक भूक लागली काय तो येतलो. तू गप रव." आणि मुलाला ते कळलं! भाषांतर न करता कळलं. नंतर दर शनिवारी दोघं शेजारी बसायचे, फार बोलायचे नाहीत, पण जे बोलायचे ते माझ्याशिवाय बोलायचे. 'गरी', 'तंगूस' हे शब्द मुलाकडे तिथून आले. पुस्तक देऊन, रविवारची शाळा काढून जे मला जमलं नव्हतं ते एका फ्लोटकडे बघत बसून झालं. मी शाळेच्या विरुद्ध नाही, हे शाळेच्या बाईंनी लक्षात घ्यावं.

पण पहिला कार्प मिळाला, चांगला चार पौंडांचा, आणि मी तो सोडायला निघालो, तेव्हा बाबा चिडले. "धरूचो आणि सोडूचो? मगे धरूचो कित्याक?" भूक नसताना माशाला गळाला लावायचं, त्याचा दम काढायचा, फोटो घ्यायचा आणि सोडून द्यायचं, हा त्यांना माजोरीपणा वाटला. खाण्यासाठी मारणं त्यांना समजत होतं. खेळण्यासाठी दुखवणं समजत नव्हतं.

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, आणि त्या दिवशीही नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की दोन एकरांच्या तळ्यात चाळीस माणसं मासे मारून नेऊ लागली तर दोन वर्षांत तळं रिकामं होईल. मोठा कार्प वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतात. बाबा म्हणाले, "मग चाळीस माणसांनी येऊ नये." यावर मी काय बोलणार?

त्यांना पटलं ते वेगळ्या वाटेने. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही, लोक येऊन खायला घालतात. बाबा म्हणाले, "म्हणजे ह्या देवाचा तळा." मी हो म्हटलं. पुढे ते स्वतः मासा सोडू लागले, पण एक अट घालून: एका सकाळी दोन मासे मिळाले की पुरे, गळ वर. तो नियम मी आणि मुलगा आजही पाळतो. क्लबच्या नियमांत नाही, घराच्या नियमांत आहे.

काठावरची नजर

एक गोष्ट बोलावी की नाही असं वाटत होतं, पण बोलतो. सुरुवातीच्या दिवसांत एका तळ्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ आले. लायसन्स, परवाना सगळं बघितलं, ठीक होतं. तरी जाता जाता म्हणाले, "तुम्ही लोक घरी नेऊन खाता ना?" शेजारच्या काठावर बसलेल्या कुणालाही त्यांनी हे विचारलं नव्हतं. राग आला. पण कायद्याने परवानगीशिवाय खासगी पाण्यातला मासा धरणं हा १९६८ च्या थेफ्ट ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि मासे चोरीला जातात ही या लोकांची खरी काळजी आहे, हेही मला ठाऊक होतं. 'तुम्ही लोक' एवढेच दोन शब्द चुकीचे होते.

त्यावर मी दुसऱ्या क्लबाचा सभासद झालो आणि हिवाळ्यात त्यांच्या श्रमदानाला जाऊ लागलो. फेब्रुवारीत छातीपर्यंतच्या रबरी पँटमध्ये उभं राहून लव्हाळी कापणं, गाळ काढणं, फळ्या ठोकणं. पहिल्या वर्षी लोक 'हॅलो' म्हणायचे, दुसऱ्या वर्षी त्यांनी मला करवत दिली, तिसऱ्या वर्षी खोल जागा कुठे आहे ते सांगितलं. आठ फुटांची ती जागा मी ओळंब्याने शोधलेली नाही, एका सत्तरीतल्या निवृत्त खाणकामगाराने मला दाखवली. ज्याने तळ्याचा गाळ काढला त्याला कुणी 'तुम्ही लोक' म्हणत नाही. आपल्या मुलांना या देशाच्या पाण्यावर हक्काने बसायचं असेल तर परवान्याबरोबर फावडंही हवं, असं माझं मत झालं आहे.

आणि चढणीचे मासे

खाणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला मुद्दा आता सांगतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की मासे ओढ्याच्या उलट दिशेने शेतांपर्यंत चढतात, ते चढणीचे मासे. बाबांना वाटत होतं की असलं काही या देशात नाही. ऑक्टोबरात त्यांना ब्यूट पार्कमधून ब्लॅकवेअरच्या बंधाऱ्यावर नेलं. पाऊस पडून टॅफला पाणी आलं होतं. आम्ही अर्धा तास उभे राहिलो, आणि एक सामन पाण्यातून उसळला, बंधाऱ्यावर आपटला, मागे पडला, पुन्हा उसळला. बाबा ओरडले, "चढणीचो मासो!" शेजारच्या वेल्श बाईंनी टाळ्या वाजवल्या.

हीच टॅफ एके काळी कोळशाच्या खाणींनी काळी करून टाकली होती, तिच्यात सामन उरला नव्हता. पाणी सुधारलं, मासा परत आला. पुढे कार्डिफ बेचा बांध घातला तेव्हा त्यात माशांसाठी वेगळी वाट ठेवली, त्या वाटेने तो आज समुद्रातून चढतो. हा मासा खायचा नाही, फक्त बघायचा. खायचा सामन टेस्कोत मिळतो, मालवणी मसाला लावून तो फार छान लागतो. झाली रेसिपी! सेक्रेटरीबाईंनी नोंद घ्यावी.

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना. पहिल्यांदा जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर निवडा. दहा फुटांची साधी काठी, फ्लोट, १६ नंबरची काटा नसलेली गरी, एक ओळंबा, जाळी, चटई आणि घट्ट कणीक एवढं पुरे. विजेच्या तारांखाली कार्बनची काठी उभी करू नका. मुलांना काठावर लाइफ जॅकेट घाला, इथलं पाणी जूनमध्येही अंग आखडून टाकण्याइतकं गार असतं. चार फुटांपासून सुरुवात करा, वीस मिनिटांत काही झालं नाही तर फ्लोट सहा इंच सरकवा. जागा बदलण्याआधी खोली बदला.

आणि घरी कुणाचे आई-वडील आलेले असतील, खिडकीत बसून असतील, तर मला फोन करा. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात, गॅरेजमध्ये जास्तीची काठी आहे. मासा मिळेल याची हमी देत नाही. दोन मिळाले की गळ वर, एवढी अट मात्र पाळावी लागेल.

सर्वांना दिवाळीच्या आणि नूतन वर्षाच्या शुभेच्छा.